अठ्ठ्याण्णवची पिढी आणि मृदुला

नवऱ्याला वाटतं, मृदुलाचं नि माझं आपोआप तुटलं. आईला वाटतं, तिकडे परदेशात सगळेच बिझी असतात. मी दोघांनाही तसंच वाटू दिलं. तुम्हाला मात्र सांगते — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. धीर आला म्हणून नव्हे.

मी मूळची संशयी. नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनला आल्यावर तर जास्तच. सायकलला दोन कुलपं लावूनही परत जाऊन बघायचे. शेजारीण हसली की वाटायचं, का हसली? डिपेंडंट व्हिसावर येऊन चार वर्षं झाली होती, पुण्यात शिकलेलं स्पॅनिश गंजत चाललं होतं. म्हणून २०१३ साली एका छोट्या खासगी संस्थेत स्पॅनिश साहित्याच्या डिप्लोमाला नाव घातलं. तिथे मृदुला भेटली. तीही पुण्याची, तीही नवऱ्यामागे आलेली. डिप्लोमा झाला की आमच्यापैकी एकीला तिथेच शिकवायची जागा मिळणार होती, आणि मृदुलाला ती जिवापाड हवी होती. "अगं, आठ वर्षांत दारावरच्या पाटीशिवाय माझं नाव कुठे नाही," म्हणायची.

हुशार होती हो. सतराव्या शतकातली, बरोक काळातली ती वळणावळणाची कविता मी डिक्शनरी घेऊन फोडत बसायचे, ही गप्पा मारता मारता उलगडायची. मला राग यायचा. राग कसला — हेवाच.

एकदा अभ्यासाला घरी आली. मी मुलीला शाळेतून आणायला गेले, वीस मिनिटं. परत आले तर टेबलावरची माझी फाइल जरा सरकलेली. सरकलेलीच होती ना? की पोह्यांची बशी ठेवायला तिने जागा केली? विचारलं नाही. मनात ठेवलं.

पुढच्या महिन्यात शेवटचे निबंध तपासून झाले आणि आमच्या बाईंनी, मारिकेने, मला एकटीला बोलावलं. दोघींच्या निबंधात एकच चूक होती, जवळजवळ त्याच शब्दांत — 'अठ्ठ्याण्णवची पिढी' म्हणजे १८९८च्या सुमारास जन्मलेले लेखक. साफ चूक. त्या साली स्पेनच्या हातून शेवटच्या वसाहती गेल्या, त्या धक्क्यातून लिहिणारे हे लोक. जन्मले कितीतरी आधी. अशी चूक दोघींना वेगवेगळी कशी सुचेल, असं बाईंनी विचारलं. मी क्षणभरही थांबले नाही. म्हणाले, मृदुला माझ्या घरी माझ्या फाइलजवळ एकटी होती.

इथपर्यंत तो नुसता संशय होता. मनापासूनचा, खरा संशय. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

घरी येऊन पुरावा म्हणून पुण्याची जुनी वही काढली. ते वाक्य तिथे होतं — अक्षर माझं, पण वाक्य सरांचं. आमचे क्लासचे सर नोट्स डिक्टेट करायचे. "लिहा... पूर्णविराम... पुढे." आम्ही लिहायचो, घोकायचो, पेपरात उतरवायचो. पिढी म्हणजे जन्मसाल, असं सरांनी धरलं असेल. सरांनी सांगितलं म्हणून आम्ही धरलं. सरांना कोण तपासणार? आणि मृदुला त्याच सरांकडे, माझ्या दोन बॅच आधी. आम्ही दोघी मिळून त्यांच्या नकला करून हसलो होतो की! बाईंसमोर ते खरंच आठवलं नव्हतं. वहीसमोर आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला बसलेल्या तीन परीक्षकांपुढे मृदुलाने हेच सांगितलं. सर एकच, डिक्टेशन एकच. सांगताना माझ्याकडे बघून हसली — आता अनघा सांगेलच, अशा भरवशाने. परीक्षकांनी मला विचारलं, तुम्हीही या सरांकडे शिकलात का?

मी म्हणाले, नाही.

का? खोटा आळ घेतला हे कबूल करावं लागलं असतं म्हणून? तेही. पण त्याहून जास्त — ती सुटली असती तर जागा तिला मिळाली असती. स्पॅनिश साहित्याच्या सुवर्णयुगातल्या, उडाणटप्पू नायकांच्या कादंबऱ्या आता मी शिकवते. ते निदान पोटात आग पडली म्हणून खोटं बोलतात. मी घरून भरपेट नाश्ता करून गेले होते.

तिचा डिप्लोमा रद्द झाला. जागा मला मिळाली. जिन्यात तिने एवढंच विचारलं, "सर खरंच आठवत नाहीत तुला?" मी पर्समध्ये सायकलची किल्ली शोधत राहिले.

मग तिचा नवरा आइंडहोव्हनला कॉम्प्युटर चिप्सच्या कंपनीत लागला, ते तिकडे गेले. तीन वर्षांनी तिथल्या मंडळाच्या गणपतीला आम्ही गेलो होतो, तेव्हा समोरासमोर आलो. तिने मला टाळलं नाही. आपल्या मुलीला म्हणाली, "ही अनघामावशी. स्पॅनिश शिकवते." मुलीने डचमध्ये विचारलं, आई, तुलाही येतं का?

मृदुला म्हणाली, "छे गं. मला कुठलं येतंय."

मी तिथेच उभी होते, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन. मी म्हणाले, "मोदक मस्त झालेत हं."