मेनाने बापाची गाडी अडवली

आमच्या बेटावरच्या रिंकोन गावच्या लोकांना पोलिसांची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटते ती गाण्याची. वर्षभरात कुणी काय दिवे लावले ते डिसेंबरात बारीच्या, म्हणजे टोमणे मारणाऱ्या गाण्यांच्या, ढोलावर सगळ्या बेटासमोर वाजवलं जातं, आणि एकदा का माणूस गाण्यात आला की पुढच्या डिसेंबरापर्यंत पाव घ्यायला गेला तरी पाठीमागून कुणीतरी तीच ओळ गुणगुणतं. हा ढोल म्हणजे रमचं छोटं पिंप आणि त्यावर ताणलेलं मेंढीचं कातडं. पण तो उबाल्डो सिंट यागोच्या मांडीवर बसला की भलेभले मागच्या रांगेत सरकायचे. म्हातारा कित्येकदा बारीचा राजा झालेला. हल्ली मात्र घसा साथ देईना, आणि गेल्या दोन वर्षांत मुकुट निकिबोको वस्तीतल्या एका पोरगेल्या गवयाने पळवला होता. ‘यंदा शेवटचं गातो, आणि जिंकून गातो,’ असं उबाल्डोने गावभर सांगून ठेवलं होतं.

मेना ही त्याची धाकटी. अंगाने दणकट, आवाज बापाचा, आणि हट्टही बापाचाच. ती पोलिसात भरती झाली तेव्हा उबाल्डो चांगलं-वाईट काहीच बोलला नाही. पाहुण्यांनी विचारलं की ‘धाकटी सरकारी नोकरीत आहे’ एवढंच सांगायचा. मेनाला ते लागायचं.

आमच्या बेटावर दारू पिऊन गाडी चालवण्याचा कायदा होता, तसा तो सगळीकडेच असतो. पोलीस गाडी थांबवायचा, आत बघायचा, तर आत त्याचा मावसभाऊ नाहीतर बायकोचा मामा. मग ‘हळू जा रे, रस्त्यावरची गाढवं सांभाळ’ म्हणून सोडून द्यायचा. पाण्यात डुबक्या मारायला येणाऱ्या पाहुण्यांनीही तेच उचललं. दिवसभर हवेच्या टाक्या पाठीला बांधून मासे बघायचे, बिअरची पहिली बाटली उघडली की त्या दिवसाची डुबकी बंद हा त्यांचा नियम कडक पाळायचा, आणि मग पाच बाटल्या रिचवून भाड्याची गाडी दामटायची. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. मग एकदा बेकरीतल्या नोर्काचा पाय गेला. तिला उडवणाऱ्याला थोड्याच वेळापूर्वी मेनाच्या जोडीदाराने, रिग्नल्डने, ‘हळू जा रे’ म्हणून सोडलं होतं. तो माणूस गावचाच होता. तेव्हापासून रिग्नल्ड शरमेने कुणाच्या लग्नालाही जात नाही.

त्यानंतर ते यंत्र आलं. नळीत फुंकायचं की आकडा दिसतो. गावाने त्याला लगेच ‘फुंकणी’ म्हणायला सुरुवात केली. आणि फुंकणीचा पहिला दिवस नेमका बारीच्या स्पर्धेचा रविवार निघाला.

दुपारी मेना आणि रिग्नल्ड गावाच्या वेशीवर निवडुंगाच्या कुंपणापाशी उभे राहिले. वरिष्ठांनी सांगितलं होतं, आज जी गाडी सोडाल ती पुढच्या वर्षी गाण्यात येईल. अर्धं रिंकोन स्पर्धेसाठी शहरात, क्रालेंडाइकला निघालेलं. गाड्यांची रांग, रांगेत ढोल, हसणं, शिट्ट्या. मेनाला मजा येत होती. लोक फुंकत होते आणि बाकीचे आकड्यावर पैजा लावत होते. एका लालबुंद पाहुण्याची किल्ली काढून घेतली तेव्हा टाळ्या पडल्या. तो बिचारा झाडाखाली बसून गावच्या बायकांनी दिलेलं बकऱ्याचं स्टोबा नावाचं कालवण आणि मक्याच्या पिठाची फुंची खात होता.

तेवढ्यात रांगेत निळी पिकअप दिसली. मागे ढोल, पुढे उबाल्डो, डोक्यावर पांढरी टोपी. टाळ्या थांबल्या.

उबाल्डो दोन-तीन पेले रम पोटात गेल्याशिवाय गात नाही, हे बेटावरच्या शेळ्यांनाही ठाऊक.

रिग्नल्ड हळूच म्हणाला, “मेना, तू बाजूला हो. मी घेतो त्यांची किल्ली.”

“नको. तू घेतलीस तर ती पोलिसांनी घेतली असं होईल. सख्ख्या बापालाही सूट नाही हे दिसायचं तर मलाच घ्यायला हवी.”

ती खिडकीपाशी गेली. “पप्पा, फुंका.”

“काय गं, बापाला ओळखत नाहीस?”

“ओळखते, म्हणून तर म्हणते. फुंका.”

“आगाऊ कार्टी! माझं गाणं तिसरं आहे. उशीर झाला तर नाव कापतात, माहीत आहे ना?”

मागून कुणीतरी ओरडलं, “सोड गं मेना, काकांना सोड! सणाचा दिवस आहे!” दुसरा ओरडला, “सोडलंस तर माझीही किल्ली परत दे!” तो मघाशी अडकलेला ट्रकवाला होता. सगळे हसले, आणि हसून झाल्यावर सगळे तिच्याकडे बघायला लागले.

“नोर्काला विचारून येऊ का?” ती एवढंच म्हणाली.

उबाल्डोने फुंकलं. आकडा इतका वर गेला की पैज लावणाऱ्यांनीही जीभ चावली. मेनाने हात पुढे केला. म्हाताऱ्याने किल्ली तिच्या हातावर आपटली, खाली उतरला, ढोल खांद्यावर घेतला आणि ताडताड चालायला लागला. उन्हात, सत्तरीत, क्रालेंडाइकच्या दिशेने. वळणापर्यंत पोचेपर्यंतच त्याला धाप लागली. मेनाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ती जागची हलली नाही. पोलिसांची गाडी बापासाठी काढली असती तर किल्ली घेऊन काय उपयोग होता?

रांगेत पुढची गाडी हॉलंडहून आलेल्या एका जोडप्याची होती. केस ओले, मागे हवेच्या टाक्या. दोघांनी फुंकलं, आकडा शून्य. रात्री त्यांना पुन्हा पाण्यात उतरायचं होतं ना! मेनाच्या डोक्यात एकदम लख्ख झालं.

“कुठे निघालात?”

“क्रालेंडाइकला,” बाई म्हणाली.

“वाटेत एक म्हातारा ढोल घेऊन चाललेला दिसेल. घ्याल त्याला? पण तो शिव्या देईल हं.”

शिव्या देणारच. उबाल्डोने वर्षानुवर्षं या डुबकीवाल्यांवर गाणी रचलेली. आपण तळून खातो ते मासे नुसते बघायला हे लोक समुद्र ओलांडून येतात, म्हणून. आता त्यांच्याच टाक्यांवर बसून जायचं! वळणावर गाडी थांबली, उबाल्डोने हात झटकले, पुन्हा झटकले, आकाशाकडे बघितलं आणि चढला. गाडी सुसाट नव्हे, अगदी कायद्याने निघाली. अख्ख्या रांगेने हॉर्न वाजवून वेस दणाणून सोडली.

रांग ओसरताच काम संपवून मेना मैदानावर पोचली तेव्हा बारीचा आवाज लांबूनच कानावर आला. बापाचा ठेका ती झोपेतही ओळखेल. गणवेशातच ती गर्दीत घुसली. उबाल्डो व्यासपीठावर होता, आवाज फाटलेला, पण काय गात होता! स्वतःवर गात होता. एक म्हातारा राजा, त्याचं तोंड रमने भरलेलं, आणि त्याला वाटलं रस्ता त्याच्या बापाचा. लोक हसून हसून वाकले. मग तो टाक्यांवर बसून आलेला प्रवास, बूड कसं गारठलं, ते. हॉलंडचं जोडपंही गर्दीत उभं राहून एक शब्द न कळता टाळ्या पिटत होतं.

बारीचा नियम एकच. कुणाचंही नाव घ्यायचं नाही. लेकी बोले सुने लागे, असं सगळं आडून. नाव घेतलं की गवई बाद. आणि उबाल्डोने ढोल थांबवला, मान वर केली आणि गायला, “मेना सिंट यागो, मेना सिंट यागो, तिने बापाची गाडी अडवली!”

परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. मग सगळं मैदान तिचं नाव गायला लागलं, आणि निकिबोकोच्या पोराने तिसऱ्यांदा मुकुट डोक्यावर चढवला.

मेना बापाजवळ गेली तेव्हा त्याच्या हातात रमचा पेला होता.

“पप्पा, नाव कशाला घेतलंत? राजेपण गेलं की हातचं! न घेताही सगळ्यांना कळलं असतं पोलीस कोण ते.”

“पोलीस कोण ते कळलंच असतं गं,” उबाल्डो म्हणाला. “लेक कुणाची, ते मला सांगायचं होतं.”

त्याने पेला रिकामा केला आणि शर्टाच्या बाहीने मिशा पुसल्या.

“आता बघतेस काय? आण किल्ली.”

“उद्या सकाळी,” मेना डोळे पुसत म्हणाली. “चौकीवर या. आधी फुंकायचं.”