आजोबांच्या पुस्तकाला कुंकू

आमच्या आजोबांनी पोहायला शिकवणारं पुस्तक लिहिलं होतं. ते स्वतः गावच्या तळ्यात, लक्ष्मी तालात, किती पोहले देव जाणे, पण पुस्तक छापलं, संपलं आणि घरातली प्रत कुणीतरी वाचायला नेली ती नेलीच. आत्या तेव्हा लहान होती. "बाबांनी त्यात माझ्याबद्दल लिहिलंय," असं ती जन्मभर सांगत आली आणि तिचे दोघे भाऊ, म्हणजे माझे वडील आणि काका, जन्मभर तिला हसत आले.

गेल्या वर्षी गरौठ्याला एका ओळखीच्या घरी कपाट आवरताना ते सापडलं. पण तोवर आत्याची नजर अधू झाली होती, बारीक टाइप दिसेना. मी वाचून दाखवते म्हटलं तर म्हणाली, "नको. माझं मन राखायला तू काहीही वाचशील."

मग मी सिविल लाइंसमधल्या दुकानातून सेकंडहँड स्कॅनर उचलून आणला. टॅबवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. शिवाय नेटवर फुकट ठेवू, ज्याला पोहायचंय त्याने पोहावं. हक्क आमचेच, परवानगी द्यायला आत्या समोरच बसलेली.

मी चहा टाकून आले आणि कामाला लागले. पान उलटा, दाबा, पान उलटा, दाबा. दुपारभर मान वर केली नाही. संध्याकाळी टॅबवर बघते तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाल ठिपका.

"आत्या, हे काय?"

"काय म्हणजे? बिना पूजेची मशीन चालू करतात का? तू चहा टाकत होतीस, तेव्हा कुंकू लावलं."

"काचेला?"

"मला काय दिसतंय, बेटा? जे चमकत होतं त्याला लावलं."

माझं डोकं सणकलं. पण पानं सरकवत गेले तसं मला हसू आवरेना. सबंध पुस्तक हळदीकुंकवाला निघालं होतं. पोट धरून हसत मी टॅब तिच्या हातात दिला. अक्षरं बोटभर मोठी करून, नाक टेकवून ती एकेक ओळ वाचू लागली. तीन दिवस वाचत होती. चौथ्या दिवशी एकसष्टाव्या पानावर थांबली आणि मोठ्याने वाचलं, "नवशिक्याने माझ्या लहानग्या मुलीकडे पाहावे. ती आधी उडी मारते, मग घाबरते."

आत्या आधी हसली, मग रडली, मग तिने काकांना फोन लावायला सांगितला आणि तीच ओळ त्यांना तीनदा ऐकवली. मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी काच पुसून सगळं पुस्तक पुन्हा स्कॅन केलं. एकसष्टावं पान मात्र आत्याने पुन्हा करू दिलं नाही, कुंकवासकट तसंच ठेवलं. आता पुस्तक नेटवर आहे, लोक उतरवून घेतात. परवा पुण्याहून एका वाचकाने कळवलं की पान एकसष्टवर डाग पडलाय, बदलता आला तर बघा.

मी आत्याला विचारलं, काय उत्तर देऊ?

"लिही त्या पुण्याच्या भैयाला," ती म्हणाली, "तो दाग नाही. ती मी आहे."