निंदलेली पेटी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आईचे आहेत. केनवडच्या शिवारात तिने मजुरीवर लोकांची वावरं निंदली, तण उपटलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो.

वाशिमच्या खोलीत मी रीतसर नोंदणी केलेला एक परदेशी, बिनविषारी साप पाळला आहे. त्याला लपता यावं म्हणून काचेच्या पेटीत माती भरून हरळी लावली. ती दाटायला चार महिने लागले. आई भेटायला आली आणि मी कामावर असताना तिने पेटी निंदून टाकली.

“लय तण माजलं होतं बाप्पा. आता कसा साफ दिसून राह्यला!”

“तुले भेव नाही वाटलं?”

“वावरात काय कमी पाह्यले?”

ती इतकी खूश होती, की मला बोलवेना. ती गावी गेली आणि सापाने खाणं सोडलं. तिला सांगावं की नाही, आठ दिवस कळेना. शेवटी पत्र लिहिलं. बहीण तिला वाचून दाखवते.

“आई, ते गवत मीच लावलं होतं. लपायला जागा नसली की साप खात नाही. तू तण काढलंस म्हणून मी शिकलो, आणि शिकून तण लावतो आहे. हे बरोबर की चूक, मलाच समजत नाही. हरळी पुन्हा लावली आहे. लवकर ये, पण तिला हात लावू नको.”