रतनसिंगची भिंत

रतनसिंगला साधा प्रश्न विचारावा आणि त्याचं सरळ उत्तर मिळावं, असं माझ्या पाच वर्षांच्या नोकरीत एकदाही घडलेलं नाही. सेनगावच्या आमच्या कॉलेजात मी खेळ शिकवतो आणि तो मैदानाचा शिपाई. तांड्यावरून सायकलनं येतो, बॉलमध्ये हवा भरतो, रिंगला जाळी म्हणून शेडनेटचा तुकडा शिवतो आणि उरलेला दिवस माझं डोकं खातो.

ऑगस्टमध्ये संस्थेचे सचिव व्यंकटराव यांनी मला बोलावून घेतलं. बास्केटबॉलच्या कोर्टावर त्यांना गाड्यांसाठी शेड बांधायची होती.

"मुलांच्या टीमचा काही इतिहास असेल तर सोमवारी बैठकीत मांडा," ते म्हणाले. "पण लेखी पाहिजे. नाहीतर मंगळवारी जेसीबी येईल. आमच्या वेळची गोष्ट वेगळी होती हो. आम्ही विद्यापीठ मारून आणलं होतं."

कॉलेजच्या पहिल्या टीमचे ते कप्तान. दर स्नेहसंमेलनात विद्यापीठाची स्पर्धा जिंकल्याचं हे वाक्य असतंच.

ऑफिसात शोधलं तर सगळ्या जुन्या फाइली वाळवीनं खाल्लेल्या. राहता राहिला रतनसिंग. त्याला विचारलं, दोन हजार नऊ साली टीममध्ये कोण कोण होतं?

"थांबा सर. त्या साली रूपाबाईचं सोयाबीन उत्तरेकडच्या रिंगखाली व्हतं. म्हंजी तिचा कुलदीप टीममंदी व्हता."

"मी टीमचं विचारतोय. सोयाबीनचं नाही."

"तेच सांगून राहिलो न सर."

अर्धा तास डोकेफोड केल्यावर उलगडा झाला. ज्याला कोर्टाच्या सिमेंटवर सोयाबीन वाळवायचं असेल, त्याच्या घरातल्या, कॉलेजात शिकणाऱ्या पोरानं पावसाळाभर प्रॅक्टिसला यायचं, हा रतनसिंगचा नियम. उंची, वेग, नेम यांचा काही संबंध नाही. आमच्या कॉलेजची टीम वाळवणाच्या जागेवरून ठरत आली होती, आणि मी वेड्यासारखा समजत होतो की निवड मी करतो.

"हे कुठं लिहून ठेवलंय का?" मी दात खाऊन विचारलं.

"व्हय की. बराबर लिवलंय. दर सालचं."

"कुठं?"

"बॉलच्या खोलीत. भितीवर."

बॉल रतनसिंगच बाहेर आणून देई, म्हणून त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. आता धावतच गेलो. भिंत पांढरीफटक.

"दिवाळीला चुना मारतो न सर," रतनसिंग मागून म्हणाला. "दिवाळीला भित तशीच ठिवत्यात का?"

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवीस वर्षं हा माणूस कोर्टाच्या रेषा मारून उरलेल्या पिवळ्या ऑइलपेंटनं टीम लिहीत होता आणि दिवाळी आली की स्वतःच्या हातानं बुजवत होता! नवीन टीम त्या चुन्यावर. मग पुन्हा चुना.

शनिवारी सकाळी दोन खुरपी घेऊन आम्ही भिंतीला भिडलो. ऑइलपेंटवर चुना नीट बसलेला नव्हता, त्याची पापुद्र्यासारखी सालं निघत होती. एक टीम दिसली की मोबाइलवर फोटो काढायचा आणि तीच खरवडून तिच्याखालची शोधायची, दुसरा इलाजच नव्हता. एकेक करत मागं जात राहिलो. रणजीत, प्रभू, कुलदीप, सोनाजी. प्रत्येक यादीखाली निकालही होता. हारले. हारले. पुन्हा हारले.

"रतनसिंग, एकदाही जिंकलो नाही?"

"न्हाई. पर गेलो दर साली. एक साल दुष्काळात सोयाबीनच झालं न्हाई, अन् एक साल कोरोनाचं. तेवढी दोनच सालं ऱ्हायली."

मी खाली फतकल मारून बसलो. दिवसभर चुना खाऊन काय मिळणार होतं, तर एकवीस पराभवांचा पुरावा. हा बैठकीत ठेवला असता तर जेसीबी सोमवारीच आला असता. रतनसिंगलाही ते उमगलं असावं.

"कोर्ट गेल्यावर मला बागंत पानी घालाया लावतील सर," तो हळूच म्हणाला. "मला तं दुसरं कायीच येत न्हाई."

इतका वेळ त्याच्यावर चिडलेला मी. आता त्याच्याकडे बघवेना.

रविवारी दुपारी शेवटचा थर राहिला असताना व्यंकटराव शेडचं माप घ्यायला टेप घेऊन आले आणि खोलीत डोकावले. रतनसिंगचं खुरपं तिथंच थांबलं.

"बस झालं सर आता. खाली कायी न्हाई."

पण मी इरेला पेटलो होतो. खुरपं घातलं, तसं एक मोठं साल खाली पडलं आणि अक्षरं उघडी झाली. 'सन २००२. कप्तान व्यंकट. हारले ७१-११.'

 दर स्नेहसंमेलनात 'विद्यापीठ मारून आणलं' ऐकताना मंडपाच्या मागं उभा राहून टाळ्या वाजवणारा माणूस म्हणजे हा रतनसिंग, हे मला तेव्हा आठवलं.

"हे तू लिहिलंस?" व्यंकटरावांनी विचारलं.

"तुमीच लिवाया लावलं सायेब." रतनसिंगची मान खाली होती. "एसटीतून उतरलो तवा तुमी रडून राहिले व्हते. म्हणले, रतन, लिवून ठेव. दिवाळीला पुसू अन् पुढच्या साली जिंकू. म्हून पुसतो दर दिवाळीला."

व्यंकटरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग हातातली टेप गुंडाळली.

"शेड लायब्ररीच्या मागं घ्या," ते मला म्हणाले आणि आमच्याकडे न बघता निघून गेले.

सप्टेंबरात आमची टीम विद्यापीठाच्या स्पर्धेला गेली आणि पहिल्याच फेरीत हरली. ५२-४४. देवलानं शेवटच्या मिनिटात दोन सोपे फ्री थ्रो घालवले. पोरगं घरच्या दोन क्विंटल सोयाबीनच्या जोरावर टीममध्ये आलेलं, त्याला तरी काय बोलणार! परतीच्या एसटीतून उतरलो तो थेट बॉलच्या खोलीत गेलो, पिवळ्या रंगाचा डबा उघडला, आणि बाराही नावं, त्यांच्याखाली निकाल, सगळं माझ्या हातानं भिंतीवर लिहिलं.

रतनसिंग दारात उभा होता.

"चुना आणून ठेवा," मी म्हणालो. "दिवाळी जवळ आलीय."