लिनोलियमखालची फळी

लिनोलियमचा कोपरा मी पकडीनं धरून ओढला, तर त्याच्याबरोबर खालच्या फळीचा तुकडाही निघून आला. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा. गाडीत आंबूस वास पसरला. कारखान्याचे मालक वाकून त्या तुकड्यातलं बोल्टचं भोक बघत होते. त्यांच्यामागे हिराजी मिस्त्री उभा होता.

"हे भोक कोणी पाडलं?" मालकांनी विचारलं.

"मीच पारलं," हिराजी म्हणाला.

"आणि इथे, नुसत्या फळीत पाडायचं हे कोणी सांगितलं?"

हिराजीनं माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा काय उत्तर दिलं, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. मला ऐंशी उलटली. मालक गेले, हिराजीही गेला. कारखान्यात तो दोष हिराजीच्या नावावर लागला. तो माझा होता.

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षं झाली असतील. कल्याणला मुरबाड रस्त्यालगत आमचा बॉडी बिल्डिंगचा कारखाना होता. म्हणजे ट्रकच्या नुसत्या सांगाड्यावर, चासीवर, लाकूड आणि पत्र्याचा डबा बांधायचा. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेल्या गाड्या लोक घेऊन यायचे. मी ड्राफ्ट्समन होतो. हिराजी मुख्य सुतार. डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातला आगरी. हात बसला होता तो होड्या बांधून.

अशीच एक गाडी घेऊन डोळ्यांचे एक डॉक्टर आले. ते आणि त्यांची बायको महिन्यातले पंधरा दिवस मुरबाड-शहापूरच्या गावांतून फिरत. गाडीतच राहायचं, गाडीतच रोगी तपासायचे. सकाळी डब्यात बाक टाकून दवाखाना, संध्याकाळी तिथेच स्वयंपाक. त्यामुळे स्वयंपाकघर काढता-घालता येणारं हवं होतं. दिवसा बाहेर झाडाखाली, सांजेला आत.

मी एका विलायती मासिकात बघून उभ्यानं रांधायचा ओटा काढला. डॉक्टरांच्या पत्नी, त्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणायचो, तो बघून हसल्या.

"अहो केळकर, छप्पर किती खाली आहे बघा. मी काय मान मोडून आमटी ढवळू? आणि पोळ्या मी बसूनच लाटते. बसका करा ओटा."

मग गुडघ्याएवढा ओटा ठरला. एका बाजूला स्टोव्हसाठी खाच, दुसरीकडे तोटीची पाण्याची टाकी, मध्ये डब्यांचा खण. चार पायांना लोखंडी टाचा, आणि प्रत्येक टाचेतून हातानं फिरवायचा पंखाचा बोल्ट खाली गाडीच्या जमिनीत. बोल्ट काढले की दोघांनी ओटा उचलून बाहेर न्यायचा. इथवर सगळं नीट होतं.

जमिनीचं काय करायचं, यावर माझं आणि हिराजीचं वाजलं. मला लिनोलियम हवं होतं. गोणपाटावर जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा थापून केलेलं ते जाड, चकचकीत कापड असतं. तेव्हा ते नवलाचं होतं. दवाखान्याला शोभेल, पुसायला सोपं. खाली फळ्या ठोकून पक्क्या करायच्या आणि वर हे चिकटवायचं.

"सायब, जमीन खिलवू नका," हिराजी म्हणाला. "होरीत आमी वरच्या फल्या सुट्याच टाकतो. पानी शिरनारच. फली उचलायची, पानी काहारायचं, खाल बघायचं. वयनी इथं बसून तांदूल धुनार. त्यो बोल्ट काहारला का भोक उघरं. पानी कुठं जाल?"

"ही होडी नाही, हिराजी."

"नाय तर नाय. मंग बोल्टला खालशी लोखंडी पट्टी तरी द्या, चाशीला धरून. नुसत्या फलीवर भरवसा नको."

वहिनी तिथेच होत्या. मला वाटलं, हा माणूस गिऱ्हाइकासमोर माझी अक्कल काढतो आहे. पट्टी द्यायची तर चासी पुन्हा उघडावी लागणार होती आणि डॉक्टरांना गाडी आठवड्यात हवी होती. मी म्हणालो, "मी सांगतो तसं कर."

आमच्याकडे सांगायची एक रीत होती. कागदावर लहान ड्रॉइंग काढण्याऐवजी मी शेडच्या कोब्यावर खडूनं सगळं खऱ्या मापात काढायचो. मिस्त्री त्यावरच लाकूड ठेवून खुणा करायचा. काम झालं की कोबा झाडला जायचा. ऑफिससाठी कागदावरचं ड्रॉइंग मी मागाहून, सवड मिळेल तसं काढायचो. या गाडीचं काढायचं राहूनच गेलं.

पावसाळाभर गाडी फिरली. दिवाळीच्या सुमाराला मुरबाडच्या पुढे एका उतारावर ती उभी होती. वहिनींनी भात उकळत ठेवला होता. उठताना त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकला. ओटा बोल्टांसकट जमिनीतून उपटला आणि त्यांच्या अंगावर कलला. उकळता भात त्यांच्या दोन्ही पावलांवर पडला.

डॉक्टरांनी त्यांना हॉस्पिटलात पोचवलं आणि गाडी आमच्याकडे पाठवली. ती येते आहे हे मला आदल्या दिवशी कळलं. त्या दुपारी मी दार लावून बसलो आणि ओट्याचं ड्रॉइंग काढलं. त्यात बोल्टांखाली लोखंडी पट्टी दाखवली. चासीला धरून, हिराजी म्हणाला होता तशी. कोपऱ्यात मागची तारीख घातली आणि कागद जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात सरकवला.

म्हणून मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "ड्रॉइंगमध्ये पट्टी होती."

कागद आणला गेला. मालकांनी तो हिराजीपुढे धरला.

"यो कागद मी कंदी बघला नाय," हिराजी म्हणाला. "सायबांनी खडूनं दावलं तसं केलं."

"कुठाय तो खडू? दाखव मला."

हिराजी कोब्याकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "सायब, तुमी बोला ना."

"मी तुला पट्टी सांगितली होती, हिराजी," मी म्हणालो.

तो रंधा, करवत, वाकस पिशवीत भरून त्याच दुपारी निघून गेला. मालकांनी त्याला थांबवलं नाही. कल्याणच्या दुसऱ्या दोन कारखान्यांतही ही गोष्ट पोचली. 'बाईला भाजवणारा मिस्त्री' म्हणून त्याला कोणी उभं केलं नाही.

गाडीची जमीन मी नव्यानं करून दिली. फटी ठेवून सुट्या सागवानी फळ्या, खाली पत्र्याचा उतार, बोल्टांना पट्टी. सगळं हिराजीचं. गाडी मोडीत निघेपर्यंत ती टिकली. मालकांनी माझी पाठ थोपटली.

गाडी न्यायला वहिनी आल्या होत्या. डावं पाऊल ओढत चालत होत्या. सुट्या फळ्या बघून थांबल्या.

"केळकर, हेच तो हिराजी तुम्हाला सांगत होता ना? मी ऐकलं होतं."

"तो वेगळा मुद्दा होता, वहिनी," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पुन्हा कधी विषय काढला नाही.

तीन-चार वर्षांनी मी हिराजीच्या गावी गेलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. खाडीच्या काठाला तो कुणाच्या तरी होडीच्या फटी बुजवत बसला होता. मला बघून उठला. मला बसायला ओंडका पुसून दिला.

"सायब, वयनीचा पाय कसा हाय?"

"बरा आहे," मी म्हणालो. "थोडं लंगडतात."

"माजाच हात होता ना भोक पारायला," तो म्हणाला. "मी 'नको' बोलायला पायजे होतं. तवाच करवत खाली ठेवायची."

हे ऐकल्यावर तरी मी बोलायला हवं होतं. मी पाणी प्यालो, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि ऊन कलायच्या आत डोंबिवली स्टेशनवर परतलो. पुन्हा त्याची भेट झाली नाही.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी आधी कागदावर काढल्याशिवाय खडू हातात घेतला नाही. प्रत्येक कागदावर मिस्त्रीची सही किंवा अंगठा घ्यायचो. लोक म्हणायचे, केळकर भारी शिस्तीचा माणूस. नव्या पोरांना मी शिकवायचो की गाडीची जमीन नेहमी उचलता येईल अशी करा. एक गोष्ट मात्र त्यांना कधी शिकवली नाही, ती इथे लिहितो. माणूस आणि कागद वेगवेगळं बोलायला लागले, तर कागद कधी काढला हे आधी विचारावं. आमच्या मालकांनी ते विचारलं नाही. त्या कागदावरची शाई पुरती एक दिवसाचीही नव्हती.