जहाज, भाऊसाहेब आणि निवांत दिवस

"जहाजाले थोडं थांबाले सांग न!" फोनवर भाऊसाहेब ओरडत होते.

"भाऊसाहेब, ते माझं ऐकत नाही."

"मंग कॅप्टनले फोन दे!"

मी गोव्याच्या बंदरात जहाजाच्या शिडीपाशी उभी होते. या शिडीला गँगवे म्हणतात. ती ठरलेल्या वेळी वर ओढतात आणि मग खाली कोण राहिलं याची चौकशी करत नाहीत. त्या वेळेला आमच्या सहलींच्या धंद्यात 'ऑल अबोर्ड' म्हणतात. जहाज सुटण्याच्या बरंच आधी सगळ्यांनी आत असायचं, एवढाच त्याचा अर्थ. हे मी यवतमाळच्या ऑफिसात, दारव्ह्याला त्यांच्या घरी आणि जहाजावर नाश्त्याला, असं तिन्ही ठिकाणी सांगितलं होतं. भाऊसाहेबांनी तिन्ही वेळा मान डोलावली होती. त्यांची मान फार छान डोलते.

भाऊसाहेबांचं दारव्ह्याला कापसाचं जिनिंग आहे. आमच्या ग्रुप टूरमधली मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ त्यांनी लग्नाच्या वाढदिवसासाठी घेतली. सोबत बायको आणि दोन धाकटे भाऊ. वाढदिवसाला भाऊ कशाला, हे मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आहे.

"मधात गोव्याले दिवसभर थांबते न जहाज? त्या दिवशी एकदम निवांत पाहिजे," ते घरी बुकिंग करताना म्हणाले होते.

मी बंदराजवळचा बोगमाळोचा समुद्रकिनारा सुचवला. सावली, खुर्च्या, शाकाहारी जेवण, आणि परत यायला थोडका रस्ता. भाऊसाहेबांना तो फार रिकामा वाटला. त्यांच्या निवांतपणात दोन चर्च, एक किल्ला, मंगेशीचं दर्शन, मसाल्याची बाग, काजूची खरेदी आणि उत्तरेकडचा 'फेमस बीच' एवढंच होतं.

"अन् उरलेल्या टायमात आराम," ते म्हणाले.

काकू, म्हणजे त्यांची बायको, कोपऱ्यात बसून होत्या. एकत्र कुटुंबातली मोठी सून. वर्षभरापूर्वी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं.

"काकू, तुम्हाला काय पाहायचंय?"

"तिले काय विचारता?" भाऊसाहेब म्हणाले.

मी उत्तराची वाट पाहत राहिले. शेवटी काकू म्हणाल्या, "मले काई पाहाचं नाई. पाण्यात पाय सोडून बसाचं हाये. अन् कोणी चहा मागाले नाई पाहिजे."

मी बोगमाळो पक्कं केलं. भाऊसाहेबांनी मान डोलावली.

गोव्याला उतरल्यावर त्यांनी परस्पर टॅक्सी ठरवली. भाऊ आत बसलेही.

"चाल, बस," ते काकूंना म्हणाले.

"मी नाई येत."

"काहून?"

"गुडघे हायेत म्हणून."

गुडघ्यांपुढे भाऊसाहेबांचं काही चाललं नाही. ते गेले. मी काकूंना आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांना बसने बोगमाळोला नेलं.

तिथे काकूंनी साडी जराशी वर खोचली, खुर्ची पाण्याच्या कडेला ओढून घेतली आणि बसल्या. लाट आली की पाय उचलायच्या, गेली की खाली ठेवायच्या. मला वाटलं, तासाभरात कंटाळतील. मी दोनदा विचारलं, काही हवंय का. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पोरी, तू पण बस न. कायले फिरून राह्यली?" नोकरीत मला बसायला सांगणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

परत निघालो तेव्हा भाऊसाहेब फेमस बीचवरून निघालेही नव्हते. आम्ही बंदरात पोचलो तेव्हा ते ट्रॅफिकमध्ये होते. त्यांची गाडी मुंगीसारखी सरकत होती. दारव्ह्याची जीप सीट भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे भाऊसाहेबांची जन्मात कधी गाडी चुकलेली नव्हती. जहाजाच्या सीटा मात्र आधीच भरलेल्या असतात.

सिक्युरिटीवाल्याने मला खूण केली. शेवटची काही मिनिटं.

"हे बघा," मी फोनवर म्हणाले, "तुम्ही पोचत नाही. तिघं आहात, रात्रीच्या बसने मुंबईला या. मी सीटा बघते."

"तिले खालीच थांबव! माया संग बसने येईन ते."

मी शेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे पाहिलं. आवाज इतका मोठा होता की निरोप द्यायची गरजच नव्हती. रात्रभर बस, ते गुडघे, आणि शेजारी चिडलेले भाऊसाहेब. उद्या या सगळ्याचं खापर माझ्या माथी फुटणार होतं.

काकूंनी गळ्यातलं जहाजाचं कार्ड उचलून पाहिलं. "यावर मले एकटीले जाता येते?"

"येतं."

"मंग त्याहिले सांग, रेंज नाई."

आणि कठडा धरून, एकेक पाय टाकत, त्या वर चढल्या. मी फोन बंद केला. आयुष्यात इतकी चांगली रेंज मला कधी मिळाली नव्हती.

त्या रात्री काकू डेकवर उशिरापर्यंत बसल्या. वेटरने चहा आणून दिला, तेव्हा संकोचून उठून उभ्या राहिल्या. मग बसून प्यायल्या. दुसरा कप त्यांनी स्वतः मागितला.

मुंबईच्या धक्क्यावर भाऊसाहेब वाट पाहत होते. दाढी वाढलेली, हातात काजूच्या पिशव्या. काकूंनी विचारलं, "झोप झाली का तुमची?" त्यांनी पिशव्या या हातातून त्या हातात घेतल्या. भाऊ बोलले, पण आपसात.

दारव्ह्यात आता जहाज वेळेआधी पळालं असं सांगतात. त्यात माझी चूक तर धरलेलीच आहे. तरी यंदा काकूंचा फोन आला. दोन नणंदा आणि त्या, तिघींचं बुकिंग. भाऊसाहेबांना जिनिंगमधून सवड नाही म्हणे. त्यांना कोणी विचारलं होतं, असं काही मला दिसलं नाही.

मी मात्र एक गोष्ट बदलली. निवांत दिवस आखताना आता मी समुद्रकिनारा नंतर ठरवते. आधी घरातल्या कोणाला दिवसभर टॅक्सीत बसवायचं, ते ठरवते.