अकरा बायकांचा उपवास

मनोरमा काकूंची नक्कल आमच्या सोसायटीत माझ्याइतकी कुणालाच जमत नाही. खांदे कानांपर्यंत न्यायचे, पर्स छातीशी घट्ट धरायची आणि लिफ्टकडे असं बघायचं, जसा काही आत वाघ बसलाय. "जिन्यानंच जाते गं. मध्येच बंद पडली म्हणजे?" गणपतीत मी हे केलं तेव्हा सेक्रेटरी शशिकांत काका हसता हसता खुर्चीवरून घसरले. काकूही हसल्या, पण आधी इकडेतिकडे बघून. हसलेलं चालेल ना, याची खात्री करून.

काकू कुत्र्यांना घाबरतात, सिलिंडरला घाबरतात, अनोळखी नंबरला घाबरतात. "हॅलो? मी नाहीये घरी." त्यांचे मिस्टर आत्माराम काका होते तोवर बँक, बाजार, बिलं सगळं तेच बघायचे. गिरगावातून भाईंदरला येऊन वीस वर्षं झाली, पण काकूंना स्टेशनची पूर्व-पश्चिम अजून विचारावी लागायची. दोन वर्षांपूर्वी काका वारले आणि काकू एकदम देवभोळ्या झाल्या. माझ्या नकलेतला सगळ्यात हिट आयटम तोच. आई पोह्यांची डिश पुढे करणार आणि काकू हात आडवा धरणार, "नको हो, आज माझा सोमवार." दुसऱ्या दिवशी, "आज माझी चतुर्थी." मग गुरुवार, मग शनिवार. आठवड्याला वार सात आणि काकूंचे उपवास आठ. यावर टाळ्या पडायच्याच.

या काकू सेहेचाळिसाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी करायला निघाल्या. आणि नोकरी कसली, तर अनोळखी दारं वाजवायची.

एका संस्थेचा सर्व्हे होता. मीरा-भाईंदरमध्ये गरिबीत घसरायचा धोका कुणाला जास्त? इथल्या मूळच्यांना की बाहेरून आलेल्यांना, बायकांना की पुरुषांना? टॅबवर साठ प्रश्न. नवरा-बायकोला वेगवेगळं विचारायचं, एकमेकांसमोर अजिबात नाही. आणि तीन फॉर्म चुकले की टॅब जमा करून घरी बसायचं.

पहिल्या पंधरवड्यातच काकूंचे दोन चुकले. काशीगावात एक नवरा दारातून हलेना आणि "जरा बाहेर थांबता का?" म्हणायची काकूंची छाती होईना, म्हणून बायकोला त्याच्यासमोरच विचारलं. दुसऱ्या फॉर्मला घराच्या फोटोऐवजी स्वतःच्या अंगठ्याचा फोटो गेला. त्यांचे सुपरवायझर जितेंद्र सर प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हम्म?" करतात. "मॅडम, डेटा म्हणजे डेटा. हम्म? आता एकच राहिला. हम्म?" हे पण मी छान करते.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी काकू आमच्या स्वयंपाकघरात आल्या. ओठ पांढरे, हातात मोबाइल. मेसेज आला होता. त्यांचा चौक गावातला एक फॉर्म फेरतपासणीला निवडला होता. उद्या सकाळी अकराला सर स्वतः त्या घरी जाणार होते.

"चुकलाय का तो?" आईनं विचारलं.

"नाही हो, अगदी बरोबर आहे."

"मग घाबरताय कशाला?"

"बरोबर आहे म्हणूनच. चुकीचा असता तर कळलं तरी असतं ना, काय होणारे ते."

फॉर्म डॉरिसचा होता. समुद्राकडच्या आळीत घर, नवरा मॅथ्यू मासेमारी करणारा, पण होडीचं इंजिन महिनाभर बंद. काकूंनी विचारलं होतं, "गेल्या सात दिवसांत एखाद वेळचं जेवण चुकलं का?" डॉरिस म्हणाली होती, "रोजच एक टाइम. उपास हाय ना बाय आमचा. चर्चचे दिस चाललेत." काकूंनी 'कारण: उपवास' वर बोट ठेवलं. तसं केलं की टॅब पुढचे चार प्रश्न आपोआप गाळतो. घरात अन्न कमी पडलं का, दुसऱ्याला वाढायचं म्हणून तुम्ही राहिलात का, वगैरे. उपवासाची भूक गरिबीत धरत नाहीत.

"किती श्रद्धाळू बाई," काकू म्हणाल्या.

"कधी गेला होतात?" मी विचारलं.

"परवाच."

"काकू, ईस्टर होऊन दोन आठवडे झाले. आमच्या क्लासमधला ॲड्रियन तिकडचाच, चौकजवळच्या डोंगरीहून येतो, त्यानं केकसुद्धा वाटला. 'आता चाळीस दिवसांचं एका दिवसात खाणार!'" हे मी ॲड्रियनच्या आवाजात म्हटलं. "त्यांचे उपास ईस्टरला सुटतात."

कुणीच हसलं नाही. काकू हळूच खाली बसल्या, तिथंच, फरशीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसनं त्या चौकला गेल्या. पुढचं सगळं त्यांनी नंतर आईला सांगितलं, तेव्हा मी शेजारीच होते. डॉरिसला विनंती करायची, साहेब आले की उपासच आहे म्हणून सांग, एवढंच ठरवून त्या निघाल्या होत्या. बसमध्ये त्यांनी ते वाक्य पाठ केलं. उतरल्यावर एक कुत्रा त्यांच्यामागून डॉरिसच्या दारापर्यंत आला आणि त्यांना पत्तासुद्धा नव्हता. म्हणजे किती घाबरल्या असतील बघा.

डॉरिस अंगणात जाळं निवडत होती. काकूंना बघून तीच घाबरून उभी राहिली.

"परत का आली बाय? काय झाला?"

"तुमचा फॉर्म तपासायला आमचे साहेब येतायत. डॉरिसताई, ईस्टर झाला ना?"

डॉरिसनं आधी घराकडं बघितलं. आत मॅथ्यू खोकत होता.

"झाला," ती हळू आवाजात म्हणाली. "माझा चालू हाय अजून."

"कुठवर?"

"इंजिन दुरुस्त होवस्तवर." मग तिनं काकूंचं मनगटच धरलं. "त्याला बोलू नको. त्याला वाटते मी देवाचं करते. पोरीला वाटते मम्मी लय धार्मिक. कळला तर तो पन जेवनार न्हाय, आनि मग दुसऱ्याच्या होडीवर कामाला जानार कसा?"

काकूंनी टॅब पदराखाली घेतला.

"तुझ्या सायबाला मी उपासच सांगन," डॉरिस म्हणाली. "घाबरू नको. तुझी नोकरी ऱ्हाईल, माझी लाज ऱ्हाईल."

काकूंनी पाठ केलेलं वाक्य समोरच्या बाईनंच म्हणून टाकलं होतं. आता फक्त मान हलवायची. त्यांनी हलवलीही. डॉरिसनं कोरा चहा दिला. तो पिताना त्यांनी सहज टॅब उघडला आणि आपले जुने फॉर्म चाळले. चहा तसाच राहिला.

पावणेअकराला जितेंद्र सरांची बाइक वळणावर दिसली तेव्हा काकू पळत सुटल्या. हो, पळत. पदर हवेत, टॅब काखेत. त्यांनी बाइकसमोर दोन्ही हात पसरले.

"अहो मॅडम! मरायचंय का? हम्म?"

"सर, त्या घरात जाऊ नका. फॉर्म चुकीचा आहे. माझी चूक आहे."

"म्हणजे तिसरा."

"हो. तिसरा." काकूंचं तोंड थांबेना. "अजून दहा आहेत सर. उपवासाचे. एकूण अकरा. सहा काशीगावात, बाहेरून आलेल्यांच्या घरात. पाच इथं, इथल्याच बायकांचे. सगळ्या बायका सर. त्याच घरांत पुरुषांनाही तोच प्रश्न विचारला. एकाही पुरुषाचा उपवास नाही."

सरांनी बाइक बंद केली. टॅबवर बोट फिरवत राहिले. मग त्यांच्याच कपाळावर घाम आला. टीममध्ये नऊ जण होते आणि सगळ्यांच्या फॉर्ममध्ये तो पर्याय होता.

"पण खरे उपवासही असतात ना मॅडम. तुम्ही कसं ओळखणार?"

"ओळखते."

"कसं?"

"ओळखते सर," काकू खाली बघत म्हणाल्या.

सरांनी टॅब त्यांच्या हातात परत दिला. शेवटी म्हणाले, "चार दिवस देतो. अकराच्या अकरा घरी परत जा. तुमचं खरं निघालं तर राहा. नाहीतर टॅब जमा. हम्म?"

त्या चार दिवसांत काकू झोपल्या असतील असं मला वाटत नाही. काशीगावात पहिलंच दार शालूचं. आझमगडकडची, एका खोलीत पाच माणसं. नवरा कामावर गेला होता.

"दीदी, बताया तो था, हमरा बरत है."

"किसका व्रत?"

"भगवान का."

"कौनसे भगवान का, शालू?"

शालू भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिली. त्यावर पाच देव होते. तिला एकाचंही नाव घेववेना. मग ती म्हणाली, "आप किसी को बोलेंगी तो नहीं?" आणि काकू म्हणाल्या, "मेरे को भी डर लगता है. धीरे बोल."

अकरांपैकी तीन उपवास खरे निघाले. त्यातल्या एका बाईनं तर काकूंना दारातच झापलं, "मारा उपवास पर शक करते हो? शरम नथी आवती?" काकूंनी तीनदा माफी मागितली. उरलेल्या आठ जणींचे चार गाळलेले प्रश्न मात्र भरले गेले. उत्तर सगळ्यांचं एकच होतं. नवऱ्याला आणि मुलांना आधी.

काकूंची नोकरी राहिली. सगळ्या टीमला सरांचा मेसेज गेला: 'बाईनं उपवास सांगितला तर कुठला, ते एकटीला विचारावे.' शेवटी 'हम्म' नव्हतं. डॉरिसचा फॉर्म सरांनी समुद्राकाठी उभं राहून, जाळी वाळत होती तिथं, मॅथ्यूपासून लांब भरून घेतला.

पाचव्या दिवशी, शनिवारी, काकू आमच्याकडं हे सांगायला आल्या. आईनं सवयीनं पोह्यांची डिश पुढं केली. काकूंचा हात आडवा आला, अगदी माझ्या नकलेतल्यासारखा.

"नको हो, आज माझा..."

त्या थांबल्या. आई थांबली. काका गेल्यानंतरच्या, घरात कमाई नसलेल्या दोन वर्षांचे सगळे सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या माझ्या डोक्यात एकदम रांगेनं उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागे सगळ्या टाळ्या.

काकूंनी इकडेतिकडे बघितलं. चालेल ना, याची खात्री करून घेतात तसं. खूप घाबरल्या होत्या, काशीगावातल्या कुठल्याही दारासमोर घाबरल्या नसतील इतक्या.

"द्या," त्या म्हणाल्या. "भूक लागलीय."